पान एकशे बारावरचा जिना

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना आधी स्वतःचे गुण मोजून दाखवावेत आणि मग माणसांच्या कृतघ्नतेविषयी एक दीर्घ उसासा टाकावा, असा प्रघात आहे. मला तो पाळता येणार नाही. माझ्या कहाणीत माणसे माझ्याशी फार चांगली वागली. वाईट वागलो तो मी.

मी एक जुना छापील वाटाड्या आहे. इटलीच्या समुद्रकाठी जेनोआ नावाचे बंदराचे शहर आहे. तेथे कसे पोहोचावे, काय पाहावे, कोठून चढावे आणि कोठून उतरावे हे सांगणारे दोनशे चाळीस पानांचे जर्मन पुस्तक म्हणजे मी. माझी पाने पिवळी पडली आहेत, कणा सैल झाला आहे, मागचा नकाशा घडीवर फाटला आहे. याविषयी माझी तक्रार नाही. माझ्या एकशे बाराव्या पानावर एक जिना आहे. तक्रार करायची तर त्याची करावी लागेल.

माझा जन्म १९६२ साली दक्षिण जर्मनीतील एका छापखान्यात झाला. कागद जाड होता, शिवण पक्की होती, मुखपृष्ठ गडद निळ्या कापडाचे होते. माझे लेखक महाशय मोठे विद्वान. त्यांनी जेनोआत दोन दिवस काढले आणि ग्रंथालयात चार महिने. त्यांच्या मेजावर माझ्यासारखीच एक जुनी पुस्तिका उघडी असे. तिच्यातून त्यांनी एक वाक्य उचलले: ‘टेकडीवरच्या सज्ज्याच्या उजव्या बाजूने, अंजिराच्या झाडामागून, दोनशे चार पायऱ्यांचा दगडी जिना थेट समुद्रापर्यंत उतरतो.’ त्या पुस्तिकेने ते आणखी जुन्या पुस्तिकेतून घेतले होते, आणि त्या आणखी जुन्या पुस्तिकेच्या लेखकाला ते बहुधा दुपारच्या झोपेत सुचले असावे. आकडा मात्र नामी होता. नुसते दोनशे म्हटले असते तर एखाद्याला शंका आली असती. वर चार पायऱ्या दिल्या की शंका मिटते.

कायझर्सलाउटर्न येथील एका शाळामास्तरांनी मला विकत घेतले. ते जेनोआला कधीच गेले नाहीत. खिडकीजवळच्या फळीवर मी साडेपाच दशके बसून होतो आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते माझ्याकडे बोट दाखवून सांगत, ‘सगळे शहर यात आहे.’ स्तुतीची सवय लागायला फार पुरावा लागत नाही. मला ती लागली.

मास्तर गेले, घर रिकामे झाले, आणि मी रस्त्याकडेच्या एका जुन्या टेलिफोन-बूथच्या खोक्यात येऊन पडलो. जर्मनीतील गावांत अशा खोक्यांची आता पुस्तकांची कपाटे झाली आहेत. कोणीही पुस्तक ठेवावे, कोणीही न्यावे. एका बाजूला स्वयंपाकाचे पुस्तक, दुसऱ्या बाजूला कालबाह्य करकायदा, आणि मध्ये मी, असे दोन हिवाळे गेले. करकायद्याला निदान आपण कालबाह्य झालो आहोत हे ठाऊक होते.

तेथून मला विभावरीने उचलले.

विभावरी मूळची पुण्याची. नवऱ्याला कायझर्सलाउटर्नमधील एका संशोधन संस्थेत काम मिळाले तेव्हा ती तिकडे आली, आणि तेव्हापासून मराठी वाचकांसाठी प्रवासवर्णने लिहू लागली. घरी नेताच तिने माझी धूळ पुसली आणि शाळेच्या पुस्तकाला घालतात तसे मला खाकी कव्हर घातले. तिची चौदा वर्षांची मुलगी ईप्सिता हे पाहत होती. तिला मराठी सगळे समजते. उत्तर मात्र जर्मनमधून येते.

“आई, दास ष्टेट दोख आलेस इम नेट,” ती म्हणाली. हे सगळे तर नेटवर असतेच, असा त्याचा अर्थ.

“नेटवर असतं ते कुणीही लिहिलेलं असतं,” विभावरी म्हणाली. “हे पुस्तक आहे.”

मित्रांनो, त्या दिवशी मला अतिशय अभिमान वाटला. आज तेच वाक्य आठवले की माझी शिवण आवळते.

पुढच्याच वर्षी विभावरीने समुद्रकाठच्या शहरांवर एक पुस्तक लिहायला घेतले. त्यासाठी ती जेनोआला गेली खरी, पण दीड दिवसासाठी. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि टेकडी राहून गेली. परत आल्यावर प्रकरण अपुरे वाटू लागले. तेव्हा तिने मला उघडले, एकशे बाराव्या पानावरचे ते वाक्य मराठीत उतरवले आणि त्याला पुढे एक वाक्य जोडले: ‘पायरीगणिक खाऱ्या वाऱ्याचा वास गडद होत जातो, आणि शेवटच्या पायरीवर लाट तुमच्या पावलांची वाट पाहत असते.’ माझे खोटे साठ वर्षे कोरडे होते. त्याला वास तिने दिला.

पुस्तकाला पुण्यात बक्षीस मिळाले. समारंभात हाच परिच्छेद वाचून दाखवण्यात आला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतर शंभर पानांत तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले कितीतरी होते. ते कोणाला आठवले नाही.

मग एके दिवशी जर्मनीतल्याच बॉबलिंगेन गावाहून एक पत्र आले. जाड कागद, शाईचे सरळ अक्षर. विभावरीने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच मोठ्याने वाचले, म्हणून मला ते पाठ आहे.

‘सौ. विभावरीताई यांस सप्रेम नमस्कार. मी मिरजेचा. वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, आता निवृत्त. आम्ही उभयता उन्हाळ्यात मुलीकडे बॉबलिंगेन येथे असतो. गेल्या वर्षी आपले पुस्तक हाती घेऊन जेनोआस गेलो होतो. आपण वर्णिलेला जिना मला सापडला नाही. अंजिराचे झाड सापडले. तीन तास उन्हात हिंडलो. सौ. प्रभाचा गुडघा सुजला. दोष सर्वस्वी माझा, कारण पुस्तकात स्पष्ट “उजव्या बाजूने” असे आहे. त्या दिवसापासून मला दिशांचा भरवसा वाटत नाही. घराबाहेर एकटा जाणे सोडले आहे. मुलीने डॉक्टरांना दाखवले. ते म्हणतात, काही झालेले नाही. पण डॉक्टरांना जिन्याचे कोठे ठाऊक? येत्या सप्टेंबरात पुन्हा जाऊन पाहावे म्हणतो. जिना सापडला तर माझे डोके ठिकाणावर आहे एवढे तरी कळेल. झाडापासून नेमके कसे वळावे ते कृपया कळवावे. आपला, रमेश.’

चाळीस वर्षे दुसऱ्यांचे तराजू तपासणाऱ्या या माणसाने रस्ता पाहिला, पुस्तक पाहिले, दोहोंत फरक आढळला, आणि त्याने स्वतःला खोटे ठरवले. ही चूक आपल्याच लोकांना करता येते. छापलेल्या अक्षराला आपण इतके मानतो की ते चुकले असे म्हणण्यापेक्षा स्वतः वेडे ठरणे आपल्याला सोपे जाते. त्या पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

विभावरीने पुण्याला आपल्या प्रकाशनाचे संपादक हृषिकेश यांना फोन लावला.

“दुसरी आवृत्ती छापायला गेली का?”

“वीस सप्टेंबरला मशीनवर चढतेय. का हो ताई?”

“जेनोआचा जिना मी पाहिलेला नाही.”

“बरं, मग?”

“एका वाचकाला तो सापडला नाही.”

“अहो, सगळ्या पुस्तकात लोकांना तोच परिच्छेद आवडलाय. तळटीप टाकू की. ‘सध्या डागडुजीसाठी बंद.’ झालं! कोण जातंय मिरजेहून तपासायला?”

“मिरजेचेच गेले होते.”

मग हृषिकेश म्हणाले, “वीस तारखेपर्यंत काय ते सांगा. नंतर माझ्या हातात नाही.”

विभावरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जेनोआला निघाली. या वेळी तिने पंधरा दिवस घेतले, कोणतीही यादी घेतली नाही, आणि खांद्याच्या पिशवीत मला घेतले. बाझेल आणि मिलान येथे गाड्या बदलत संध्याकाळी आम्ही पोहोचलो. अशा रीतीने, वयाच्या साठीनंतर, ज्या शहराचा मी जाणकार म्हणून मिरवत होतो ते शहर मी प्रथमच पाहिले.

ते मला अनोळखी होते. बंदरासमोर खांबांवर चढवलेला एक मोठा रस्ता होता; माझ्यात तो नाही, तो माझ्यानंतर आला. मी वीस लिरा तिकीट सांगितलेली वर चढणारी लिफ्ट अजून चालू होती. लिरा हे चलन मात्र कधीच संपले होते. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरासमोरच्या खिडक्यांतील दोन बायकांनी हात लांब केले असते तर एकीच्या वाटीतील साखर दुसरीला मिळाली असती. त्या गल्ल्यांना मी ‘अस्वच्छ, त्वरेने ओलांडाव्यात’ असे म्हटले होते. विभावरी त्यांतून सावकाश चालली. एका भट्टीपुढे ती थांबली, कारण तेथे ताटाएवढ्या तांब्याच्या परातीत हरभऱ्याच्या पिठाचे काहीतरी भाजले जात होते. तिने कागदात गुंडाळलेला तुकडा उभ्याने खाल्ला आणि हसली. ते धिरडेच होते, फक्त भट्टीतले. मी त्याला ‘पचनास जड असा स्थानिक पदार्थ’ म्हटले होते, आणि माझ्या लेखकांनी तो चाखला नव्हता हे आता सांगायला हरकत नाही.

दुपारी ती मच्छीमारांच्या एका छोट्या कोनाड्यासारख्या किनाऱ्यावर जाऊन बसे. गुलाबी, पिवळी घरे, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, पत्ते खेळणारे चार म्हातारे. कोणालाच कसली घाई नव्हती. तिने एक ओळही लिहिली नाही. पाहण्याचे काम इतके सावकाश असते हे मला तोवर ठाऊक नव्हते.

सकाळी मात्र रोज आम्ही टेकडीवर जात होतो. सज्जा होता. अंजिराचे झाड होते. उजवी बाजूही होती. झाडामागे छातीएवढी दगडी भिंत होती, आणि भिंतीपलीकडे सरळ कडा. विभावरी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, वाकून पाही, परत येई. पाच दिवस तिने असे केले. मला तिला सांगता आले असते, पण माझे सांगणे छापून झालेले होते.

सहाव्या दिवशी शेजारच्या घरातील एक बाई कपडे वाळत घालायला बाहेर आली. विभावरीने मला उघडून पान दाखवले आणि दोन बोटांनी हवेत पायऱ्या उतरून दाखवल्या. बाईने बोटांकडे पाहिले, कड्याकडे पाहिले आणि ती हसू लागली. तिने आतून बहिणीला हाक मारली. बहीणही हसली. मग दोघींनी भिंतीवर हात थोपटून मान हलवली, डावीकडच्या वळणावळणाच्या रस्त्याकडे बोट दाखवले, आणि विभावरीच्या ओंजळीत चार पिकलेले अंजीर ठेवले. त्या हसण्याला दुभाष्या लागला नाही.

संध्याकाळी तिने बॉबलिंगेनला फोन केला.

“रमेशराव, मी जेनोआतच आहे. तुम्ही या. मी बरोबर येते.”

“जिना सापडला?”

“तुम्ही या तर खरं.”

समोरासमोर सांगायचे असे ठरवणारा माणूस धीट असतो किंवा वेळ काढत असतो. विभावरीचे त्या रात्री दोन्ही चालले होते.

एकोणीस तारखेला ती दोघे आली. रमेशराव उंच, सडसडीत, कडक इस्त्रीचा शर्ट. प्रभाताई बुटक्या, गुडघ्याला पट्टा. तिकिटे त्यांच्या हातात, नकाशा त्यांच्या हातात, आणि रमेशरावांचे कोपरही त्यांच्याच हातात.

“ह्यांच्याकडे काही देऊ नका हो,” त्या विभावरीला म्हणाल्या. “मिलानला गाडी बदलायची तर हे परत बॉबलिंगेनच्या गाडीत चढत होते.”

“चढत नव्हतो. पाटी वाचत होतो.”

“वाचत होता म्हणे! उजवा हात कुठला ते विचारा. जेवायचा हो, अहो, जेवायचा!”

रमेशराव हसले. चुकलेल्या मुलाने वर्गात हसावे तसे. विभावरीने त्या हसण्याकडे पाहिले, आणि ती दोघांना लिफ्टकडे घेऊन गेली.

सज्ज्यावर पोहोचताच रमेशराव झाडापाशी गेले, भिंतीसमोर उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, “मागच्या वेळीही मी इथंच आलो होतो. इथून पुढे माझं काहीतरी चुकतं.”

“तुमचं काही चुकत नाही,” विभावरी म्हणाली. “इथं जिना नाही. नव्हताच कधी. मी टेकडीवर आलेच नव्हते, त्या दिवशी पाऊस होता. मी एका पुस्तकातून उतरवून घेतलं. वास, लाट, ते सगळं माझ्या मनाचं.”

तिने मला पिशवीतून काढून त्यांच्या हाती दिले. रमेशरावांनी चष्मा लावला. त्यांना जर्मन येत नव्हते. पानावरचा आकडा मात्र वाचता आला.

“दोनशे चार,” ते म्हणाले. “चार तरी कुठून आणले ह्यांनी?” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “म्हणजे मी बरोबर उभा होतो?”

“अगदी बरोबर.”

त्यांनी भिंतीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला.

प्रभाताईंनी त्यांचे कोपर सोडले होते. “अहो, वर्षभर मी तुम्हाला काय काय बोलले,” त्या म्हणाल्या, आणि मग विभावरीकडे वळल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता. “तुम्ही लिहिता छान, बाई. फारच छान लिहिता. म्हणून तर ह्यांनी स्वतःला वेडं ठरवलं.”

“मला माफ करा.”

“मला काय म्हणता? त्यांना म्हणा.”

विभावरीने त्यांना म्हटले. रमेशरावांनी मान हलवली. माफ केले की नाही हे त्यातून कळले नाही. मग ते खात्यातल्या माणसासारखे बोलू लागले.

“बाजारात खोटं वजन सापडलं, की आम्ही त्यावरचा जुना शिक्का छिन्नीनं खोडायचो. नुसतं दुकानदाराला रागावून उपयोग नसतो हो. तो ऐकून घेतो, आणि वजन उद्या पुन्हा तराजूत. पेन आहे का?”

विभावरीने पेन दिले. त्यांनी मला भिंतीवर सपाट ठेवले आणि एकशे बाराव्या पानावरच्या त्या वाक्यावरून संथपणे एक सरळ रेघ ओढली. बाजूला तारीख घातली. दुखले का, असे तुम्ही विचाराल. नाही. साठ वर्षांत प्रथमच कोणीतरी मला तपासत होते.

“हे झालं,” ते म्हणाले. “आणि तुमच्यातलं?”

तिने तेथूनच हृषिकेशना फोन लावला. “उद्या चढवण्याआधी जिन्याचा परिच्छेद काढा.”

“ताई, तो बक्षिसाचा परिच्छेद आहे! आणि पान जुळवून झालंय. मध्ये केवढी पांढरी जागा राहील!”

“राहू दे. तिथं एवढंच छापा: हा जिना मी पाहिला नव्हता. तो अस्तित्वात नाही. एका वाचकाने शोधला, त्यांची वाट बरोबर होती.”

“बक्षीसवाले काय म्हणतील?”

“त्यांनाही मीच लिहिते. आजच.”

“वाचकाचं नाव काय टाकू?”

तिने रमेशरावांकडे पाहिले. “नाव नको,” ते म्हणाले. “तारीख टाका.”

मग उतरायची वेळ झाली. रमेशरावांनी प्रभाताईंपुढे हात केला. बाईंनी तोंड उघडले, मिटले आणि नकाशा नवऱ्याच्या हातात दिला. रमेशरावांनी तो सूर्याकडे पाहून एकदा फिरवला, डावीकडच्या रस्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, “इकडून.”

रस्ता लांबचा होता. प्रभाताईंच्या गुडघ्यासाठी दर वळणावर थांबावे लागले. प्रत्येक वेळी रमेशराव आधी पुढे जात, वळणापलीकडे दिसेनासे होत आणि थोड्या वेळाने परत येऊन सांगत, “उतार सोपा आहे, या.” दुसऱ्या वळणावर ते दिसेनासे झाले तेव्हा प्रभाताईंनी हाक मारायला श्वास घेतला, आणि मारली नाही. तासाभराने आम्ही समुद्रावर पोहोचलो. या सगळ्या वाटेत मला कोणीही उघडले नाही. वाटाड्या म्हणून घालवलेल्या आयुष्यातला तो माझा सर्वांत चांगला दिवस होता.

मित्रांनो, आता मी पुन्हा कायझर्सलाउटर्नच्या फळीवर आहे. अशा कहाण्यांच्या शेवटी आम्हा पुस्तकांकडून एक विनंती अपेक्षित असते: ओले हात लावू नका, पाने दुमडू नका, पावसात टाकू नका. हे सारे जरूर पाळा. पण एवढ्याने पुस्तकाची निगा पूर्ण होत नाही. ज्याला कोणी कधी तपासत नाही, ते पुस्तक नव्या कव्हरातही सडत असते. मी सांगितलेल्या वाटेने जा, आणि वाट सापडली नाही तर स्वतःला शिक्षा करण्याआधी मला विचारा, ‘तू येथे आला होतास का?’ विचारा, आणि जागेवर उभे राहून माझ्यावर उत्तर लिहा. माझी दोनशे चाळीस पाने चार महिने मेजावर बसून लिहिली गेली. जेनोआत, उभ्याने, डोळ्यांनी पाहून लिहिलेले माझ्यात एकच आहे: ती शाईची रेघ.